रोवलेलं काढायचं राहिलं

आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटी होते, आणि मला इंग्रजी येत नव्हतं. यातली पहिली गोष्ट साऱ्या कासू गावाला माहीत होती. दुसरी फक्त मला.

घर स्टेशनापासून बांधाबांधाने चालत दहा मिनिटांवर. घरात आई, बाबा, मी आणि पडवीपलीकडच्या खोलीत बाबांचा धाकटा भाऊ, म्हणजे काका. आईला आम्ही आय म्हणायचो. भाताची कापणी झाली की त्याच खाचरात ओलीवर वाल टाकायचे, आणि मग होळीपर्यंत घरात वालाशिवाय दुसरं काही शिजलेलं मला आठवत नाही. बिरडं, नुसती उसळ, शेंगा उकडून, आणि कंटाळा आला की त्यात सुकट. बाबा शेतात फारसे नसत. ते पेणला गणपतीच्या कारखान्यात जात, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत येत. गाडीची शिट्टी ऐकली की आय चुलीवर तवा टाकायची. बाबा अंगणात उभे राहून सदरा काढत आणि तो दोन हातांनी फाड् फाड् झटकत. प्लॅस्टरची पांढरी धूळ उडायची. ती धूळ घरात आणायची नाही, हा आयचा कायदा होता. मग हातपाय धुऊन भाकरीवर बसले की म्हणायचे, "आज साठ जोड डोळे झाले."

बाबा आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. कारखान्यात साचा भरणारे वेगळे, घासणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे, आणि आखणीवाला सगळ्यात शेवटी. त्याने डोळे काढल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही. तासन् तास मांडी घालून बसायचं, मूर्ती मांडीसमोर पाटावर, श्वास धरून बारीक कुंचल्याने एक रेघ ओढायची आणि मग श्वास सोडायचा. मी सुट्टीत तिथे जाऊन बसे. कानस आणि पॉलिश पेपरची खरखर दिवसभर चालू असायची, रेडिओ त्यावरून ओरडायचा, पण बाबांच्या कोपऱ्यात कुणी मोठ्याने बोलत नसे.

त्या कारखान्यात मी शब्द ऐकत वाढले. मुकुटात खडा बसवायचा, प्लॅस्टरमध्ये काथ्या भरायचा, कानामागे फूल खोचायचं, हातात मोदक ठेवायचा. घरी आलं तर आय रोप लावायची, मेढ रोवायची, सुईत दोरा ओवायची, वेणीत अबोली माळायची. एका वस्तूत दुसरी वस्तू घालण्याचे आमच्याकडे इतके प्रकार, आणि प्रत्येकाला आपापला शब्द. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी मात्र आम्हाला एकच दिला होता, 'पुट इन'. पुट इन म्हणजे घालणे, आत ठेवणे. मी तो सगळीकडे वापरायची आणि बाई बरोबरची खूण करायच्या. मला वाटायचं, इंग्रजी ही गरीब भाषा असावी. तिच्याकडे माळणं नाही, ओवणं नाही. तसं नव्हतं. तिच्याकडे ढीगभर शब्द होते, ते आमच्यापर्यंत कुणी आणले नव्हते, एवढंच. हे मला कळलं तेव्हा माझ्या बापाचा पाय गेल्यातच जमा होता, म्हणून त्या 'पुट इन'चा मला आजही राग येतो.

मी आठवीत असताना मुंबईच्या एका व्यापाऱ्याने कारखान्याच्या शेठना परदेशच्या ऑर्डरीचा इंग्रजी कागद पाठवला. शेठ मराठी सातवी. त्यांनी बाबांना विचारलं, "तुझी पोरगी शिकतंय ना रे?" मला बोलावलं. कागदावर मुकुटाबद्दल एक ओळ होती आणि तिच्यात 'इन्सेट' असा शब्द. मी आधी तो 'इन्सेक्ट' वाचला आणि मुकुटात किडे कशाला, या विचाराने घाम फुटला. पण सोबत फोटो होता. त्यात खडे वर चिकटवलेले नव्हते, मुकुटाला खळगे करून आत बसवले होते. मी फोटोकडे बघून सांगितलं, "खडे रंगवायचे नायत, चिकटवायचे पण नायत. खळग्यात बसवायचेत." शेठनी व्यापाऱ्याला फोन लावून विचारलं आणि ते बरोबर निघालं. शेठ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "परशा, पोरगी बॅरिस्टर होनार तुजी." बाबांनी मान वर केली नाही, हातातली रेघ पुरी केली, पण संध्याकाळी गाडीतून येताना त्यांनी मला खिडकी दिली आणि शेजारच्या माणसाला सगळी हकीकत सांगितली. त्या दिवसापासून गावातली पत्रं, खताच्या पोत्यावरची अक्षरं, औषधाच्या बाटल्या माझ्याकडे येऊ लागल्या. निम्मं मी अंदाजाने सांगायची. फोटो असेल तर अंदाज बरोबर यायचा.

पुढच्या वर्षी गणपती गेल्यावर साचे माळ्यावर चढवताना शिडी सरकली आणि बाबा खाली पडले. मांडीचं हाड मोडलं. पनवेलला एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. मांडीच्या हाडात लोखंडी सळई घातली, हे काकाला कळलं होतं. "आता हाडापेक्षा मजबूत," असं तो गावभर सांगत होता. ती सळई कायमची आहे, असंच आम्ही सगळे धरून चाललो. घरी सोडताना डॉक्टर काकाशी काहीतरी बोलले. काका बाहेर येऊन म्हणाला, "दीड म्हैन्यानं बोलवलानी." आता वाटतं डॉक्टर दीड वर्ष म्हणाले असणार. पण काका तेव्हा बिलाच्या खिडकीपाशी, कडेला कुणाचं तरी मूल रडतंय, हातात पिशव्या. त्याला तरी काय दोष द्यायचा.

कार्ड माझ्या हातात आलं. घरी ओटीवर बाबांची बाज टाकली होती, तिच्याभोवती शेजारची चार माणसं. बाबा म्हणाले, "वाच गो सुमन, काय लिवलाय."

अक्षर भयंकर होतं. नाव वाचलं, वय वाचलं. मग 'नेल इन्सर्टेड' असं काहीतरी. नेल म्हणजे नख, हे मला पाचवीपासून पाठ. नखाचं काय केलं ते कळेना, म्हणून ते मी गिळलं. खाली एक ओळ होती, 'इम्प्लांट रिमूव्हल', आणि पुढे आकडे, अठरा, तिरपी रेघ, बारा. रिमूव्ह म्हणजे काढणे, हे येत होतं. आकडे तर स्वच्छ होते. मी म्हणाले, "अठरा डिसेंबरला बोलावलंय. काहीतरी काढायचंय."

"काय काढायचाय?"

"ते तिथं गेल्यावर सांगतील."

दिवस मोजले तर दीड महिनाच भरत होता. काका खूश झाला. "बग, मी बोललो व्हतो ना?"

शाळेत कपाटात एक जाड कोश होता. मी तो काढून 'इम्प्लांट' बघितला. 'रोवणे, मनावर ठसवणे.' दोनदा वाचलं. बाबांच्या मनावर काय ठसवलं होतं आणि ते डिसेंबरात का काढायचं? बाई तिथेच, पाच हातांवर, वह्या तपासत बसल्या होत्या. विचारायला एक मिनिट पुरलं असतं. पण बाईंनी वर्गासमोर मला कितीदा उभं करून वाचायला लावलं होतं. 'सुमनला विचारा' हे त्यांचंच वाक्य. मी कोश कपाटात ठेवला आणि वर्गात जाऊन बसले.

अठरा डिसेंबरला बाबा, काका आणि मी पनवेलला गेलो. कार्ड मळेल, हरवेल म्हणून आयने ते ट्रंकेतून काढू दिलं नाही. तारीख तर मला पाठ होती. दवाखान्यात त्या दिवशी वेगळेच डॉक्टर होते, तरुण, गर्दीने वैतागलेले. त्यांनी फोटो काढायला पाठवलं, तो उजेडावर धरून बघितला, पाय वाकवून बघितला आणि बाबांच्या कुबड्या काढून भिंतीला टेकवल्या. "आता यांची गरज नाही. चाला." बाबा चालले. काकाचे डोळे भरले. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की इम्प्लांट म्हणजे कुबडी. कुबडी जमिनीत रोवतच तर चालतात. काढायचं होतं ते काढलं. परतीच्या गाडीत जिते स्टेशन येईपर्यंत मी ते दोघांना नीट समजावूनही सांगितलं.

दोन हंगाम बरे गेले. मग बाबांच्या खुब्याच्या मागे एक गाठ दिसू लागली. मांडी घालून बसलं की ती टोचायची. आय मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची. काका म्हणाला वात आहे. नागोठण्याहून एक मालिशवाले आणले, त्यांनी तेल लावून अशी रगडली की बाबा दोन दिवस पालथे पडून राहिले. कारखान्यात ते एका कुल्ल्यावर कलून बसू लागले. कलून बसलेल्या माणसाची रेघ सरळ येत नाही. एका मूर्तीचा डावा डोळा उजव्यापेक्षा केसभर वर गेला. गिऱ्हाइकाला कळलं नसतं, पण शेठना कळलं. त्यांनी बाबांना उभ्याचं काम दिलं, घासायचं, आणि आखणीच्या पाटावर नरेश नावाचा जवान कारागीर बसला. बाबा घरी येऊन सदरा झटकायचे, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त धूळ निघायची, आणि भाकरीवर बसले की डोळ्यांचा आकडा सांगायचे नाहीत.

आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या पावसाळ्यात एके दुपारी आय शेतावर असताना मी शेक देत होते. पुरचुंडी बाजूला ठेवून हाताने चाचपलं, तर गाठ मांसाची लागेना. आत काहीतरी कडक, गोल टोकाचं होतं. मी ट्रंकेतून कार्ड काढलं. 'इम्प्लांट रिमूव्हल.' रोवणे. रोवलेलं काढणे. मी तेव्हा बारावीत होते. कुबडी कुणी माणसात रोवत नाही, हे समजायला बारावी लागत नाही. मला समजलं. निदान इतकं तरी समजलं की कुणालातरी विचारायला हवं. आणि मी कार्ड पुन्हा ट्रंकेत ठेवलं. कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. पावसाळा गेला, गणपती गेले, भात कापून झालं. तेवढे महिने मी गप्प बसले. माणूस घाबरून किती दिवस गप्प बसू शकतो ते मला ठाऊक आहे, म्हणून दुसऱ्या कुणाला भित्रा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

शेवटी आत्या आली. ती रोह्याला असायची, आतोबा कंपनीत होते. तिने बाबांना दाराच्या उंबऱ्यावरून पाय उचलताना बघितलं आणि आयवर चिडली. "मिठानं शेकताय काय? हाडाचा डॉक्टर हाय आमच्याकडं. उद्याच्या उद्या घेऊन ये त्याला." आणि माझ्याकडे वळून, "तू पण ये गो. कागदबिगद वाचायला."

मी कार्ड पिशवीत घातलं.

रोह्याचे डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. त्यांनी गाठीवर बोट ठेवलं आणि लगेच काढलं. फोटो बघितला. मग हात पुढे केला, "जुनं कार्ड?" मी दिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"ही सळई, आम्ही नेल म्हणतो ती, दीड वर्षात काढायची होती. हाड जुळलं की हिचं काम संपतं. ती वर सरकलीय, टोक मांसात घुसतंय. इथे स्पष्ट लिहिलंय. कुणी वाचलं नाही हे?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "आमच्यात इंग्रजी कोनाला येत नाय, सायेब."

हे वाक्य त्यांनी सहज, सांभाळून घेतल्यासारखं म्हटलं. ज्या माणसाने गाडीतल्या अनोळखी लोकांना माझ्या 'इन्सेट'ची गोष्ट सांगितली होती, तो माणूस. मला कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

"मी वाचलं होतं," मी म्हणाले. "मला वाटलं, अठरा डिसेंबर."

डॉक्टरांना आधी कळलं नाही. मग कार्डाकडे बघून म्हणाले, "अच्छा. नाही. बारा म्हणजे वर्षाचे बारा महिने, तसे अठरा. अठरा महिने असा अर्थ. आम्ही असं लिहितो."

"मग अठरा महिने असंच का नाही लिहीत?"

आत्याने माझा दंड दाबला. डॉक्टर रागावले नाहीत. "सवय," म्हणाले. "आमची आमच्यात."

"पण कार्ड तर आमच्याकडे देता."

त्यांनी कार्ड माझ्याकडे परत दिलं. माझी चूक माझीच होती आणि ती त्यांच्या सवयीवर ढकलून हलकी होणार नव्हती. पण इतक्या वर्षांनंतरही मला वाटतं, की तो प्रश्न चुकीचा नव्हता. परवा माझ्या गुडघ्याच्या तपासणीचा कागद आला, त्यावरही तिरपी रेघ मारून आकडे आहेत.

सळई काढली. रोह्यालाच, त्याच डॉक्टरांनी. वीतभराहून लांब, पन्हळीसारखी खोलगट. बाबांनी ती हातात घेऊन फिरवून बघितली आणि म्हणाले, "मूर्तीत पन काथ्या राह्यतो. तो नाय काढत." एवढंच. गाठ गेली, पण एवढे महिने कलून चालल्यामुळे पाय थोडा ओढत टाकायची सवय लागली ती राहिली. पुढच्या हंगामात ते मांडी घालून बसू लागले आणि शेठनी त्यांना पाट परत दिला, घरगुती लहान मूर्तींचा. मोठ्या मूर्तींची आखणी नरेशकडेच राहिली. मी कुणाला न सांगता शेठकडे गेले आणि म्हणाले, त्यांची काही चूक नव्हती, सगळं माझ्यामुळे झालं, त्यांना मोठ्या मूर्ती द्या. शेठ वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "चूक कोनाचीच नाय गो. पन आता नरेशचा हात बसलाय." हात बसणे. पेणच्या बाजारातून स्टेशनापर्यंत मी दात आवळून चालत गेले.

पण हे नंतरचं. मला सांगायचं आहे ते टाके काढायच्या दिवसाचं. आत्या आली नव्हती. बाबा आणि मी दोघंच. टाके निघाले, डॉक्टरांनी नवीन कार्ड लिहून दिलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. बाबांनी कार्ड माझ्याकडे दिलं, जसं काही कधी काही झालंच नव्हतं. "वाच."

मी वाचलं. मोठं अक्षर होतं. त्या दिवसानंतर डॉक्टर आमच्यासाठी तरी मोठं काढत असावेत. शेवटची ओळ होती 'रिव्ह्यू', आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरं, एस, ओ, एस.

"काय हाय?"

पुन्हा या, असं सांगता आलं असतं. पुन्हा यायची गरज नाही, असंही. दोन्ही तोंडापाशी तयार होतं.

"मला हे येत नाय, बाबा."

त्यांनी पाय लांब करून बाकाला पाठ टेकवली. मग म्हणाले, "मग जा, विचारून ये. मी बसलोय."

आत रांग होती. कंपाउंडरने मधेच सोडायला नकार दिला. मी रांगेच्या शेवटी उभी राहिले. पुढे एक बाई होती, तिच्या कडेवरच्या मुलाचा हात गळ्यात बांधलेला. तिच्या पुढे आठनऊ जण. अर्ध्यापाऊण तासाने माझा नंबर आला. डॉक्टर म्हणाले, "अरे, तुम्ही अजून इथेच? त्याचा अर्थ, गरज वाटली तर या. एरवी नको."

बाहेर येऊन मी कार्ड बाबांच्या हातात दिलं आणि तसं सांगितलं.

"एवडंच?"

"एवढंच."

"गाडी गेली," बाबा म्हणाले.

गेली होती. पुढची संध्याकाळी होती. आम्ही सावकाश चालत स्टेशनावर गेलो, फलाटावर सावलीचा बाक शोधला, आणि आयने दिलेली भाकरी आणि सुकी वालाची उसळ उघडली. जेवून झाल्यावर बाबांनी धोतराला हात पुसले आणि खिशातलं कार्ड पुन्हा काढून माझ्यापुढे धरलं.

"आता येळ हाय. पयल्यापासनं वाच. आन् नाय कळला तिथं थांब."

मी वाचायला लागले. पहिल्या ओळीत दोनदा थांबले.